बहिणीची सही

वडूजच्या गावठाणातलं एक घर विकायला निघालं आहे. दगडी जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती, माळवद उतरवून घातलेले पत्रे, मागं परडं. खटाव तालुक्यात पाऊस बेताचाच. येरळेकाठची थोडी रानं सोडली तर पोटासाठी बाहेर पडल्याशिवाय भागत नव्हतं. कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेले, कोणी सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात पार तमिळनाडू-केरळपर्यंत पोचले. माणसं गेली, घरं मागं राहिली, आणि आता ती विकताना कागद हुडकायची वेळ आली आहे. तालुक्याचं ठिकाण असल्यानं तहसील, न्यायालय, दुय्यम निबंधकाचं कार्यालय सगळं वडूजमध्येच आहे. लोक एसटीतून उतरतात आणि आधी विचारतात, खरेदीखताला खर्च किती येईल? माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, हे घर विकायचा अधिकार नेमका कोणाकोणाला आहे, हा. घरातल्या घरात तोच विचारायला माणसं कचरतात.

पुढचं बोलणं एका मामाचं आणि त्याच्या भाचीचं आहे. मामा कोइमतूरला गलाईच्या दुकानात उमेदीची वर्षं घालवून परतलेला. घर विकून साताऱ्यात मुलाजवळ लहानसा फ्लॅट घ्यावा असा त्याचा बेत. धाकटा भाऊ अजून तिकडेच. भाची वडूजच्या न्यायालयात वकिली करते, आणि तिची आई म्हणजे याच घराची लेक. बोलण्यात येणारे अण्णा हे मामाचे वडील. ही दोघं मी कल्पिलेली आहेत. बोलणं मात्र या भागातल्या कितीतरी घरांत होतं, किंवा व्हायला हवं असताना होत नाही.

मामा : गिऱ्हाईक आलंय, भाव पटलाय. येत्या आठवड्यात इसार, महिन्याभरात खरेदीखत. तुझं काम एवढंच, कागद नीट लिहून दे. तू मात्र आल्यापासून प्रश्नच विचारतीयस.

भाची : मामा, कागद लिहायला अर्धा दिवस पुरतो. लिहून देणार म्हणून कोणाकोणाची नावं घालायची, ते ठरायला वेळ लागतो. घर कोणाचं?

मामा : माझं अन् धाकट्याचं. नगरपंचायतीचा उतारा बघ, दोघांची नावं आहेत. अण्णा गेल्यापासून घरपट्टी मी भरतोय, एक वर्ष चुकवलं नाही.

भाची : तो उतारा घरपट्टी कोणाकडून वसूल करायची ते सांगतो. ग्रामपंचायत होती तेव्हाचा नमुना ८ सुद्धा तेवढंच सांगायचा. सर्वोच्च न्यायालयानं जितेंद्र सिंह खटल्यात २०२१ साली पुन्हा बजावलं की फेरफाराची नोंद महसुलापुरती असते, तिच्यानं मालकी येत नाही की जात नाही. शेताचा सातबारा असो नाहीतर घराचा उतारा, न्याय तोच.

मामा : मग मालकी ठरते कशानं? या घराचं पहिलं खरेदीखत मी तरी बघितलेलं नाही. आजा इथंच जन्मला, त्याचा बापही इथलाच.

भाची : गावठाणातल्या निम्म्याअधिक जुन्या घरांची हीच गत असणार. म्हणून तर २०२० साली केंद्रानं स्वामित्व योजना काढली. ड्रोननं गावठाणं मोजायची आणि घराघराला मिळकत पत्रिका द्यायची. आपल्याकडं त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत तसा प्रयोग झाला होता. पण त्या पत्रिकेवरही आपण सांगू तीच वारसांची नावं चढतात. पहिला कागद नाही, वहिवाट आहे, हे गिऱ्हाईकाला समजावता येतं. वारस अर्धेच दाखवले, हे समजावता येत नाही.

मामा : वारस आम्ही दोघं.

भाची : तिघं.

मामा : हं. म्हणजे तू आता वकील म्हणून बोलतीयस का लेक म्हणून?

भाची : तुम्ही विचारणार हे मला ठाऊक होतं. उत्तर दोन्हीकडून एकच येतं.

मामा : अगं पोरी, तुझी आई १९८५ साली लग्न होऊन या घरातून गेली. त्या लग्नाला अण्णांनी रान गहाण टाकलं होतं, ते सोडवायला मी कोइमतूरला भट्टीपुढं सहा-सात वर्षं घाम गाळला. तिच्या दोन्ही बाळंतपणांना इथंच आणली. तू याच घरात जन्मलीस. अण्णांच्या आजारपणात औषधाचा पैसा कोणी पाठवला? तिनं आजवर तोंडातून हिश्शाचा शब्द काढला नाही, अन् आता कायदा तिला मध्ये आणतोय.

भाची : यातलं एक अक्षर मी नाकारत नाही. आईही नाकारणार नाही. पण तिनं हिस्सा मागितला नाही आणि तिनं हिस्सा सोडला, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आणि कायदा तिला आज मध्ये आणतोय असंही नाही. ती १९५६ पासून मध्येच आहे.

मामा : दोन हजार पाचचा कायदा ना तो? अण्णा १९९८ ला गेले.

भाची : गावातले सगळे असंच समजतात, म्हणून सावकाश सांगते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं बापाच्या वाट्याला येणाऱ्या भागात मुलगी मुलाच्या बरोबरीनं वारस झाली. आजी आधीच गेल्या होत्या. म्हणजे अण्णा गेले तेव्हा वडिलोपार्जित घराचे तीन भाग धरायचे : अण्णा, तुम्ही, धाकटे मामा. अण्णांच्या तिसऱ्या हिश्शाचे पुन्हा तुम्हा तिघा भावंडांत तीन. आईला घराचा नववा भाग त्या दिवशीच आला होता, कोणी दिला नाही तरी. तेव्हा एक अडसर होता. कलम २३ म्हणायचं की राहत्या घराची वाटणी मुलगी आपण होऊन मागू शकत नाही, भावांनी मागितली तरच. १९९४ साली महाराष्ट्रानं स्वतःची दुरुस्ती केली आणि मुलींना जन्मानं हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. त्यात आई वगळली गेली. मग २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली. तिनं लग्नाची अट काढली, कलम २३ ही काढलं. ती लागू झाली ९ सप्टेंबर २००५ पासून. ९ सप्टेंबर ही तारीख वडूजच्या माणसाला मी वेगळी सांगायला नको.

मामा : त्या तारखेला आम्ही हुतात्म्यांना मान देतो. १९४२ साली परशुराम घार्गे इथल्याच मामलेदार कचेरीवर मोर्चा घेऊन गेले होते, अन् गोळ्या झेलल्या. पण बाप आधीच गेला असेल तर?

भाची : त्यावरच पंधरा वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो संपवला. मुलीचा हक्क जन्मानं आहे, त्यामुळं २००५ साली बाप हयात होता का नव्हता हे बघायचंच नाही. आईचा नववा भाग आता तिसरा झाला आहे.

मामा : पण आमची वाटणी तर केव्हाच झालीय. अण्णांच्या वर्षश्राद्धाला पावणे-रावळे बसले, पुढच्या तीन खणांचं माझं, मागचं धाकट्याचं, असं ठरलं. तुझे वडीलसुद्धा होते.

भाची : लिहून काढली? नोंदवली?

मामा : भावाभावात कोण नोंदवतं?

भाची : २० डिसेंबर २००४ च्या आधीच्या वाटण्या कायद्यानं मोडल्या नाहीत. पण वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूम, असं कायद्यातच लिहिलंय. तोंडी वाटणी अगदी विरळा मानतील, तीही सरकारी कागदांतून ती त्याच वेळची दिसत असेल तर. तुमच्या उताऱ्यावर आजही दोघांची नावं एकत्र आहेत. खणांची वाटणी त्यात कुठंच दिसत नाही.

इथं मला मध्येच थांबून मामाची बाजू मांडावीशी वाटते. ज्या पिढीनं शब्दावर वाटण्या केल्या, ती लबाड नव्हती. तिच्या जगात पाचांसमक्ष बोललेलं मोडणारा माणूस गावात राहू शकत नसे. आता ते पाच जणच गावात राहिलेले नाहीत. एक पुण्याला, एक कामोठ्याला, दोघं वारले. शब्दाला साक्षीदार लागतात आणि साक्षीदार मरतात, एवढी साधी अडचण कागदानं सोडवली. शब्द पाळणाऱ्यालाही हल्ली कागद लागतो तो त्याच्या मागं राहणाऱ्यांसाठी.

मामा : बरं. मग हक्कसोड करून घेऊ. तुझी आई सही देईल. लिही.

भाची : मी नाही लिहिणार.

मामा : का?

भाची : मी तुमची वकील आणि तिची मुलगी. ती माझ्याकडं बघून सही करेल आणि तुम्ही म्हणाल पोरीनं करून घेतली, किंवा उद्या माझा भाऊ म्हणेल बहिणीनं आईला फसवलं. तिला दुसऱ्या वकिलानं मराठीत वाचून दाखवावं, तिच्या वाट्याची अंदाजे किंमत आकड्यात सांगावी, मग तिला जे वाटेल ते तिनं करावं. सोडायचा असेल तर सोडू दे, तिचा अधिकार आहे तो. मुद्रांकही किरकोळ लागतो. फक्त हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकापुढं नोंदवलेलंच हवं. कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा किंवा तलाठ्यापुढचा जबाब म्हणजे हक्कसोड नव्हे. आणि हक्क सोडला जातो तो तुमच्यासारख्या सहहिस्सेदाराच्या नावे. बाहेरच्या गिऱ्हाईकाच्या नावे हक्कसोड लिहिली की तो व्यवहार विक्रीसारखा धरतात.

मामा : अन् नाही सोडला तर?

भाची : तर खरेदीखतात लिहून देणार तिघं. तीन नावं, तीन सह्या, तीन धनादेश.

मामा : तीन धनादेश म्हणजे साताऱ्यातला फ्लॅट गेला माझा. माझ्या हिशेबात या घराचे दोन भाग होते. हे तू डोळ्यांसमोर ठेव. मी काही बंगला बांधायला निघालो नाही.

भाची : माझ्या डोळ्यांसमोर आहे, मामा. म्हणूनच म्हणते, आईशी बोला. घराचे पत्रे तुम्ही बदललेत, घरपट्टी भरलीत, अण्णांचा दवाखाना केलात, तो हिशेब मांडा. समजुतीनं वाटे कमी-जास्त करता येतात, कायदा आड येत नाही. कायद्याला एवढंच हवं असतं की तिला माहीत असताना झालं.

मामा : बहिणीला हिस्सा दिला की माहेर तुटतं म्हणतात.

भाची : कोर्टात मी दोन वर्षं एक दावा बघतेय. बहिणीला न सांगता घर विकलं. तिला कळलं ते गिऱ्हाईकानं भिंत पाडल्यावर. असे दावे लवकर मुदतबाह्यही होत नाहीत. आपल्याला वगळलं हे कळल्यापासून बारा वर्षं मिळतात. ती आणि तिचा भाऊ न्यायालयाच्या व्हरांड्यात समोरासमोर बसतात आणि बोलत नाहीत. आणि मधल्या मध्ये मेला तो गिऱ्हाईक. आपल्याकडंही तुम्हा दोघांकडूनच विकत घेतलं तर गिऱ्हाईकाच्या पदरात दोन-तृतीयांशच पडेल. त्यातही न विभागलेल्या कुटुंबाचं राहतं घर असेल, तर बाहेरच्या माणसाला घरच्यांबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४. पैसे दिले, खरेदीखत झालं, आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकता येत नाही.

मामा : ते त्यानं बघावं. घेणाऱ्यानं डोळे उघडून घ्यावं.

भाची : त्यानं बघायचं ते तो बघेलच. पण त्याच कायद्याचं कलम ५५ म्हणतं, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सहज न कळणारा मालकीचा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. न सांगणं ही फसवणूक. पैसे घेऊन साताऱ्याला गेलात म्हणून जबाबदारी संपत नाही.

पुढं धाकट्या भावाचा विषय निघाला. तो कोइमतूरहून वटमुखत्यारपत्र पाठवणार होता, तिथल्या नोटरीपुढं केलेलं. भाचीनं ते नको म्हटलं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात, मुखत्यारानं दस्त नोंदणीला हजर करायचा तर मुखत्यारपत्र देणारा जिथं राहतो तिथल्या निबंधकापुढं ते करून साक्षांकित करून घ्यावं लागतं. नोटरी चालते ती परदेशात असलेल्यांना, शिवाय भारतीय वकिलातीचा पर्यायही त्यांच्यासाठी आहे. देणारा वारला की साधं मुखत्यारपत्रही संपतं, हे तर पुष्कळांच्या गावीच नसतं. 'त्यापेक्षा रेल्वेचं तिकीट काढून द्या, दोन दिवस येऊन जातील,' हा तिचा सल्ला मला सगळ्यांत व्यवहारी वाटला. आपल्या जन्मघराच्या विक्रीवर माणसानं स्वतःच्या हातानं सही करावी, असंही मला वाटतं.

मामा : आता पैशाचं बोल. गिऱ्हाईक म्हणतंय, थोडे कागदावर, थोडे हातात. दोघांचा फायदा.

भाची : कोणाचा? मुद्रांक शुल्क कागदावरच्या किमतीवर किंवा सरकारच्या बाजारमूल्य तक्त्यावर, जे जास्त त्यावर. किंमत कमी दाखवून त्याचं फारसं वाचत नाही. वाचवायचं असेल तर बायकोच्या एकटीच्या नावे घ्यायला सांगा. २०२१ पासून राहत्या घराच्या खरेदीत बाईमाणसाला एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी तर एक टक्का आणि फार तर तीस हजार. राहिले रोख पैसे. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेतले तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो होतो घेणाऱ्याला. म्हणजे तुम्हाला. शिवाय उद्या व्यवहार मोडला आणि त्यानं 'एवढे रोख दिले होते' म्हटलं तर नाही म्हणायला तुमच्याकडं काय आहे?

मामा : मग धनादेश. पुढच्या तारखांचे देतो म्हणतोय. खरेदीखत आधी कर, पीक आलं की वटतील.

भाची : मामा, हे तर अजिबात नको. दहिबेन नावाचा खटला आहे, सुरतेकडच्या जमिनीचा. २००९ साली खरेदीखत झालं. पावणेदोन कोटींच्या आसपासची किंमत, छत्तीस धनादेश. विकणाऱ्यांचं म्हणणं असं की त्यातले सहाच वटले, तेही एकूण चाळीस हजारांचे. पाच वर्षांनी ते खरेदीखत रद्द करा म्हणून कोर्टात गेले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पुरी किंमत मिळाली नाही म्हणून झालेली विक्री रद्द होत नाही, विकणाऱ्यानं राहिलेल्या पैशाचा दावा लावावा. आणि मुदतही उलटून गेली होती. जमीन गेली, पैसेही नाहीत. तेव्हा खरेदीखतावर सही करायची ती शेवटचा पैसा खात्यावर जमा झाल्यावर. तो कर्ज काढणार असेल तर बँकेचा धनाकर्ष त्याच टेबलावर हातात घेऊन.

मामा : हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सगळे घेणाऱ्यानं काय बघावं तेच सांगतात.

भाची : खरं आहे. विकणारा बहुतेकदा म्हातारा असतो, एकदाच विकतो, आणि त्याच्याकडं ती एकच वस्तू असते. त्याला जास्त जपायला हवं.

मामा : त्याचं आणखी एक म्हणणं होतं. नोटरीकडं साठेखत करू, ताबा द्या, खरेदीखत पुढं सवडीनं.

भाची : साठेखत म्हणजे पुढं विकण्याचा करार. त्यानं घर त्याचं होत नाही. शंभर रुपयांच्या वरचं स्थावर नोंदणीकृत दस्तानंच विकलं जातं. नुसत्या करारावर आणि मुखत्यारपत्रावर विकायची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात खोडून काढली. पण ताबा दिलात की तुमची अडचण सुरू. घर त्याच्याकडं, नाव तुमचं, घरपट्टीची मागणी तुम्हाला, आणि भाव वाढला की तुमच्या मनात वाकडं येईल, पडला की त्याच्या. ताबा देणाऱ्या साठेखताला खरेदीखताइतकाच मुद्रांक लागतो, तोही चुकवलेला असतो. साठेखत करायचं तर नोंदवून, त्यात मुदत घालून, ताबा न देता. आणि ठरलेल्या तारखेला दोघांनीही तयार राहायचं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर करार पुरा करून द्या असा हुकूम देणं हा न्यायालयाच्या मर्जीचा भाग राहिलेला नाही. मागाहून 'मला विकायचं नाही' म्हणून सुटका नाही.

मामा : बहात्तरच्या दुष्काळात इथं काय झालं ते तुला ठाऊक नसेल. लोकांनी उसने पैसे घेतले अन् बदल्यात खूषखरेदी लिहून दिली. तोंडी ठरलेलं, पैसे फेडले की परत फिरवून देईन. कागदावर मात्र सरळ विक्री. कुणी फिरवून दिली, कुणी नाही. अण्णांच्या मावसभावाचं घर तसंच गेलं. तोही शब्दच होता.

मामा हे स्वतः होऊन बोलला आणि बराच वेळ गप्प राहिला. भाचीनं त्यावर कुरघोडी केली नाही. तिनं फक्त कायदा सांगितला : मुदत खरेदीला गहाण म्हणून संरक्षण मिळतं ते परत फिरवून देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तेव्हाच. सावकारीत गेलेल्या जमिनी-घरांसाठी आता २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे, जिल्हा उपनिबंधकांकडं दाद मागता येते. त्या मावसभावाला त्याचा उपयोग नाही. त्याच्यासारखी माणसं शब्दावर विश्वास ठेवल्यामुळंच बुडाली, आणि समोरच्यानं मात्र कागद नीट करून घेतला होता. नात्यागोत्यात कागद कशाला, असं म्हणणाऱ्यांनी गावातल्या अशा दोन गोष्टी आठवून बघाव्यात. विश्वासाच्या व्यवहारात बुडतो तो नेहमी दुबळाच.

मामा : आता त्याचा वकील काय काय मागेल?

भाची : तीस वर्षांचा शोध अहवाल. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या भागातली सूची क्रमांक दोन २००२ पासून बघता येते, त्याआधीचं कार्यालयात जाऊन हाताळावं लागतं. पतसंस्थेचं कर्ज होतं ना? ना-देय दाखला आणि बोजा उतरवलेला. महावितरणचं बिल, नळपट्टी. मग चतुःसीमा. तुमच्याकडं १९६०-६५ च्या सुमाराचा जो एक वाटणीचा कागद आहे, त्यात पूर्वेला अमक्याचं घर, दक्षिणेला तमक्याचा वाडा लिहिलंय. ती माणसं वारली, घरं दोनदा विकली गेली. आज शेजारी कोण आहे ते लिहावं लागेल. उत्तरेची भिंत सामायिक आहे, ते लिहा. परड्यातून शेजाऱ्याची वाट जाते, तेही लिहा. वीस वर्षं उघडपणे वापरलेली वाट कागदात नाही म्हणून बंद होत नाही, आणि गिऱ्हाईकानं तिथं संडास बांधायला काढला की शेजारी तुम्हालाच साताऱ्याला फोन करेल. भूमी अभिलेखची मोजणी करून घेतली तर सगळ्यांत बरं.

मामा : अन् पेपरात जाहीर नोटीस?

भाची : बहुतेक देतीलच. पंधरा दिवसांत हरकत असेल तर कळवा म्हणून.

मामा : ते मला नको. उद्या सकाळी पारावर वाचून दाखवतील, अमक्यानं घर काढलं विकायला, धंदा बुडाला का काय. चार पिढ्यांची अब्रू आहे.

भाची : अब्रूचं मला कळतं. आणि खरं सांगायचं तर नोटिशीला लोक देतात तेवढं महत्त्व कायदा देत नाही. पंधरा दिवसांत हरकत घेतली नाही म्हणून कोणाचा हक्क बुडत नाही. पण आपण पुरेशी चौकशी केली, असं दाखवायला ती घेणाऱ्याच्या उपयोगी पडते.

मामा : मग मला एक सांग. सरकार मुद्रांक घेतं, नोंदणीची फी घेतं, फोटो काढतं, अंगठे घेतं, आधार बघतं. एवढं सगळं घेऊन 'हे घर याचंच' असं सरकार का म्हणत नाही? शोध आम्ही काढायचा, नोटीस आम्ही द्यायची, वकील आम्ही करायचा. चुकलं तर बुडायचं आम्हीच.

भाचीला याचं उत्तर देता आलं नाही, आणि मलाही देता येणार नाही, कारण इथं मामाचं म्हणणं बरोबर आहे. आपल्याकडं दस्त नोंदवला जातो, मालकी नोंदवली जात नाही. दुय्यम निबंधक सही करणारा तोच माणूस आहे ना आणि शुल्क भरलं आहे ना, हे पाहतात. त्याला विकायचा अधिकार होता का, याचा निवाडा ते करत नाहीत. दुसरी रीत जगात आहे. रॉबर्ट टॉरेन्स यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली आणलेल्या पद्धतीत सरकारी नोंदवहीतलं नाव हीच मालकी असते आणि तिची हमी सरकार घेतं. आपल्याकडं तशी हमी देण्याची चर्चा कित्येक वर्षं होते. तोवर खटावसारख्या तालुक्यातल्या, आयुष्यात एकदाच घर विकणाऱ्या माणसावर सगळा तपासाचा भार पडतो, आणि हा अन्याय आहे. घर लहान असेल तर किमतीच्या मानानं हा खर्च जास्तच बसतो. कागद नीट करा असं लोकांना सांगणाऱ्या प्रत्येकानं हेही सांगत राहिलं पाहिजे.

भाची : हे तुमचं मला मान्य. ते बदलेल तेव्हा बदलेल. आपल्याला हे घर या वर्षी विकायचंय. आणखी एक गोष्ट राहिली. बापाच्या पश्चात वारसांना मिळालेला हिस्सा एखादा वारस विकू लागला, तर बाकीच्यांना तो आधी घ्यायचा हक्क आहे. उत्तराधिकार कायदा, कलम २२. निदान अण्णांकडून आलेल्या हिश्शाला ते लागू पडतं. तुम्ही आईला सही द्यायला सांगणार आहात. तिला घर हवंय का, हे विचारलंत?

मामा : तिला? ती काय करणार या घराचं?

भाची : मला ठाऊक नाही. बाबा गेल्यापासून ती एकटी आहे, निवृत्तिवेतनाचे थोडे पैसे बाजूला आहेत. कदाचित नको म्हणेल. कदाचित मागचे दोन खण ठेवून घेईन म्हणेल. तुमच्या साताऱ्याच्या फ्लॅटपुरते पैसे तिच्याकडून निघतील का, तेही बघता येईल.

मामा : आपल्याच बहिणीला घर विकायचं?

भाची : परक्याला विकायला तयार आहात.

मामा : गिऱ्हाईकाला आठ दिवस थांब म्हणतो. थांबला नाही तर भाव पडेल, ते ध्यानात ठेव. धाकट्यालाही बोलावून घेतो, म्हणजे तिघं एकदमच बसू. तू नको येऊस त्या बैठकीला.

भाची : नाही येत. आईसाठी दहिवडीचे एक वकील सांगते, त्यांना आधी कागद दाखवा.

मामा : दाखवीन. पण पेपरातल्या नोटिशीचं मला पटलेलं नाही.

भाची : बाहेरचं गिऱ्हाईक असेल तर त्याचा वकील ती देणारच, तुम्हाला पटो न पटो. आईनंच घेतलं तर तिची गरज पडणार नाही.